भारतातील किती जमीन विकसित झाली आहे आणि किती मोकळी आहे?

भारताच्या एकूण जमिनीपैकी किती भागावर घरे, रस्ते आणि कारखाने उभे राहिले आहेत आणि किती जमीन अजून मोकळी आहे, असे आपण विचारले आहे. सरकारी नोंदींनुसार बिगरशेती वापराखालील जमीन सुमारे 9 टक्के आहे. मात्र म्हणून उरलेली सगळी जमीन मोकळी आहे, असे मुळीच नाही.

देशाचे भौगोलिक क्षेत्रफळ 32.87 कोटी हेक्टर आहे, परंतु जमीन-वापराची आकडेवारी त्यांपैकी सुमारे 30.7 कोटी हेक्टरचीच मिळते, कारण पाकिस्तान व चीन यांच्या ताब्यातील प्रदेश आणि जमिनीच्या वापराची नोंद नसलेले इतर काही भाग तिच्यात येत नाहीत. ही आकडेवारी नऊ सदरांत मांडलेली असते. त्यांत सर्वांत मोठे सदर निव्वळ पेरणीक्षेत्राचे, म्हणजे सुमारे 14 कोटी हेक्टरचे असून त्याखालोखाल सुमारे 7.2 कोटी हेक्टर वनांखाली आहे. बिगरशेती वापराचे सदर सुमारे 2.7 कोटी हेक्टरचे आहे आणि त्यात नद्या, कालवे व जलाशय यांच्याखालील जमीनही धरलेली असते. उजनीच्या जलाशयाची आणि पुण्यातील एखाद्या वसाहतीची गणना अशी एकाच सदरात होते, त्यामुळे प्रत्यक्ष बांधकामाखालील जमीन 9 टक्क्यांहूनही बरीच कमी भरते.

1950-51 मध्ये बिगरशेती वापराखाली सुमारे 94 लाख हेक्टर जमीन होती, म्हणजे ती आज जवळजवळ तिप्पट झाली आहे. याउलट पेरणीक्षेत्र 1970-71 च्या सुमारास 14 कोटी हेक्टरवर पोहोचले आणि तेव्हापासून तिथेच रेंगाळले आहे. त्यावरून शहरांनी शेतीचे काहीच हिरावले नाही, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु शहराच्या वेशीवरची जमीन बहुधा पिढ्यान्‌पिढ्या कसलेली, ओलिताखालची असते. आज पुण्याजवळ मगरपट्टा आणि हिंजवडी येथे जिथे इमारती आहेत तिथे शेती होती. अशी जमीन गेल्यावर दुसरीकडे कुठेतरी माळ किंवा चराऊ रान नांगराखाली येते आणि बेरीज तेवढीच राहते. हेक्टराला हेक्टर भरून निघाला, तरी मातीचा कस भरून निघत नाही.

वनांच्या बाबतीतही सावध राहावे लागते. 2023 च्या वनस्थिती अहवालात देशाचे वनाच्छादन सुमारे 7.15 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे 21.76 टक्के दिले आहे. हा आकडा वर दिलेल्या 7.2 कोटी हेक्टरशी जवळपास जुळतो, पण दोन्ही आकडे एकाच जमिनीचे नाहीत. पहिला उपग्रहचित्रांवरून काढलेला आहे आणि त्यात एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या क्षेत्रावर झाडांच्या छत्राची घनता किमान 10 टक्के असली की जमीन वनाच्छादित धरली जाते, मग तिथे कोकणातली आंब्याची बाग असो वा गोव्यातली काजूची लागवड. दुसरा महसुली नोंदींवरून आलेला आहे आणि त्यातल्या काही जमिनीवर आज झाड नावालाही नाही.

सर्वांत अधिक गैरसमज मात्र ‘पडीक’ या शब्दाने होतो, आणि याविषयी मी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझे बालपण सोलापूर जिल्ह्यातील माळाच्या कडेला गेले आहे. उन्हाळ्यात तो माळ पाहणाऱ्याला उजाड वाटे. पावसाचे दोन सडाके झाले की तिथे कुसळी गवत उभे राही, आणि धनगरांचे वाडे कोकणातून परतले की त्यांच्या मेंढ्या त्यावर चरत. सुगीनंतर आमच्या शेतात त्याच मेंढ्या खतासाठी बसवल्या जात. नान्नजचा माळढोक, लांडगे आणि खोकडही याच गवताळ रानावर जगत आले आहेत. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशसंग्रहात 2015-16 साली सुमारे 5.58 कोटी हेक्टर, म्हणजे जवळपास 17 टक्के जमीन पडीक ठरवलेली आहे आणि अशी कितीतरी माळराने व झुडपी राने तिच्यात मोडतात. झाडे नाहीत म्हणून ती वन नव्हेत, पेरणी नाही म्हणून शेत नव्हेत; त्यामुळे औद्योगिक वसाहत किंवा सौर प्रकल्प यांना जागा शोधताना पहिले बोट त्यांच्यावरच पडते.

ज्यांना गावकरी गायरान म्हणतात, त्या कायम कुरणांचे सदर आता देशभरात जेमतेम 1 कोटी हेक्टरचे उरले आहे. गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यासाठी योजना आखा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये राज्यांना सांगितले होते. नकाशावर ‘मोकळी’ दिसणारी बरीचशी जमीन अशी कोणाच्या ना कोणाच्या गुराढोरांची, सरपणाची आणि वाटेची आहे. आपल्याला एका ओळीतच उत्तर हवे असेल, तर बांधलेली जमीन दहाव्या हिश्श्याहून कमी, कसलेली जवळजवळ निम्मी, आणि उरलेल्या वने, कुरणे, पड जमिनी, खडकाळ भाग यांपैकी खरोखर कोणाच्याच वापरात नसलेली जमीन फारच थोडी, असे मी म्हणेन.