चरित्रं वाचून भागेल का?

प्रश्न: एमएला अमेरिकन प्रेसिडेन्सीचा पेपर घेतलाय. सगळे म्हणतात लिंकन, केनेडीची चरित्रं वाच. तेवढं पुरेल?

उत्तर: नाही पुरणार. चरित्रं वाचा मजेत, पण माणूस वेगळा आणि पद वेगळं. १९३९ पासून सुरू करा, तेव्हा प्रेसिडेंट फ्रँकलिन रूझवेल्टनी एक्झिक्युटिव्ह ऑफिस (प्रेसिडेंटचं स्वतःचं कार्यालय) उभं केलं, बजेट ब्युरो (सरकारचं बजेट बनवणारा विभाग) ट्रेझरीतून, म्हणजे अर्थखात्यातून, उचलून त्यात आणला आणि तिथून पुढे प्रेसिडेंट म्हणजे एकटा माणूस न राहता भलंमोठं ऑफिसच झालं. मग १९५२ ची स्टीलची केस बघाच. कोरियन युद्ध चालू, कामगार संपावर जाणार म्हणून प्रेसिडेंट ट्रुमननी स्टीलचे कारखानेच ताब्यात घ्यायला लावले, आणि सुप्रीम कोर्टाने ६-३ ने सांगितलं की असा अधिकार नाही तुम्हाला! (आपले राष्ट्रपती डोक्यात ठेवून वाचू नका, घोळ होतो.)