कोणीच धड नाही, कोणीच सुटत नाही, अशी झपाटलेल्या घराची कथा का वाचावी?

ज्या कथेत एकही पात्र धड नाही आणि शेवटी कोणाची सुटकाही होत नाही, अशी झपाटलेल्या घराची कथा लोक आवडीने का वाचतात, असे आपण विचारले आहे. माझ्या मते याचे उत्तर 'ही माणसे घर सोडून जात का नाहीत?' या जुन्याच शंकेत आहे.

निर्वेध मनाचा माणूस रात्री दार वाजले की सकाळच्या पहिल्या बसने निघून जाईल आणि कथा तिसऱ्या पानावर संपेल. जो राहतो त्याला हाव, कर्ज, अहंकार किंवा कबूल न केलेला अपराध धरून ठेवतो. शर्ली जॅक्सन यांच्या १९५९ सालच्या 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस' या कादंबरीतील एलेनॉरने अकरा वर्षे आजारी आईची शुश्रूषा केली. आईने शेवटच्या रात्री भिंत ठोठावली, तेव्हा आपल्याला जागच आली नाही की जाग येऊनही आपण पुन्हा झोपलो, हे तिला ठरवता येत नाही. म्हणूनच हिल हाउस या झपाटलेल्या घरात रात्री ठोठावण्याचा आवाज होतो, तेव्हा अर्धवट झोपेत ती आईलाच ओ देते. पुढे सगळे तिला परत पाठवू लागतात, तर जायला तीच तयार नसते.

राहिला प्रश्न निराशेचा. आमच्या गोव्यातल्या गोष्टींत देवचार असतो; तो गावाच्या सीमेचा राखणदार आत्मा, त्याला रोट द्यावा, गाऱ्हाणे घालावे, की वाट चुकलेल्याला तो घरी आणून सोडतो. त्याच्याशी व्यवहार करता येतो. अशा कादंबऱ्यांत तसा व्यवहार करायला कोणीच नसते, आणि मला तेच अधिक खरे वाटते.

याला कारण माझे आजोळ. डिचोली तालुक्यातले ते राजांगणाचे, म्हणजे मधोमध मोकळा चौक असलेले, घर वर्षभर बंद असते, कारण पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या आमच्या वारसा कायद्याने मुलग्यांइतकाच मुलींचाही वाटा असतो (ते न्याय्यच आहे) आणि सहा वाटेकऱ्यांपैकी कोणीही सही करत नाही. वाटा सोडवत नाही, घरात राहवतही नाही. चवथीला मात्र सगळे येतात. गेल्या वर्षी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची आरास, बांधताना मामा आणि मावशी एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत, आणि विसर्जन झाल्यावर ज्याने त्याने आपापले कुलूप लावले. त्या दाराला आता तीन कुलुपे आहेत.