कर्कपेशींची रसद तोडता येते का?

प्रश्न : एक एन्झाइम रोखल्यावर उंदरांमधली कॅन्सरची गाठ वाढायची थांबली, अशी बातमी वाचली. हे औषध बाजारात कधी येईल?

या विशिष्ट औषधाचं सांगता येत नाही. उंदरांवर चाललेली बहुतेक औषधं पुढे गळतात. पण एन्झाइम (पेशीतली रासायनिक कामं घडवून आणणारं प्रथिन) रोखून कर्कपेशीची रसद तोडायची, ही कल्पना मात्र नवी नाही. १९४८ साली बोस्टनमध्ये डॉक्टर सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) झालेल्या १६ मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिलं आणि १० जणांत सुधारणा दिसली. ती टिकली नाही, तरी त्या काळात तेवढंही अघटितच होतं. हे रसायन भारतीय जैवरसायनशास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने पुरवलेलं. फोलेट या जीवनसत्त्वावर (फॉलिक अ‍ॅसिड हे त्याचंच एक रूप) काम करणारं एक एन्झाइम त्याने अडतं, डीएनएचा घटक असलेलं थायमिन (बी-१ जीवनसत्त्व नव्हे) तयार होत नाही आणि विभाजनाच्या तयारीत असलेली पेशी अडकून पडते. त्याचाच भाऊबंद असलेलं मेथोट्रेक्सेट आजही रोज वापरात आहे.

उलट अनुभव ग्लुटामिनेज या एन्झाइमचा. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत कर्कपेशी ग्लुटामिन या अमिनो आम्लावर अक्षरशः तुटून पडतात; त्याचा वापर करायला त्यांना हे एन्झाइम लागतं. ते एन्झाइम रोखलं की त्यांची वाढ मंदावते. म्हणून टेलाग्लेनास्टॅट नावाच्या औषधाकडून मोठी आशा होती. मूत्रपिंडाच्या कॅन्सरमध्ये नेहमीच्या औषधाला त्याची जोड देऊन पाहिली, पण आजार आटोक्यात राहण्याचा काळ काही वाढला नाही. बशीतल्या द्रवात कोणती पोषकद्रव्यं किती, हे आपण ठरवतो. शरीरात रक्ताचं मिश्रण वेगळं असतं, आणि एक वाट बंद झाली की पेशी दुसरी धरते. त्यामुळे अशी बातमी वाचताना मी आधी शोधतो, प्रयोग कशावर झाला : बशीतल्या पेशींवर, उंदरांवर की रुग्णांवर?

प्रश्न : तेच एन्झाइम निरोगी पेशींतही असतं ना? मग त्यांचं काय?

असतं, आणि त्यांनाही फटका बसतो. अस्थिमज्जा, तोंडाचं व आतड्याचं अस्तर, केसांची मुळं या जागी पेशी सतत विभागत असतात. तोंड येणं, रक्तपेशी घटणं, केस गळणं हे त्यातूनच होतं. मेथोट्रेक्सेटचा मोठा डोस दिल्यावर काही तासांनी ल्युकोव्होरिन (फोलेटचंच एक रूप) देऊन निरोगी पेशींना सावरून घेतात. त्याची वेळ चुकली तर जिवावर बेतू शकतं.

खरी मजा आहे ती एन्झाइमच बिघडलेलं असतं तेव्हा. ल्युकेमियाच्या काही रुग्णांच्या कर्कपेशींत आयडीएच या एन्झाइमच्या जनुकात बदल झालेला असतो. मग ते नेहमीचं काम सोडून एक वेगळंच रसायन बनवू लागतं, आणि त्याच्या प्रभावाखाली रक्तातल्या कोवळ्या पेशी परिपक्वच होत नाहीत. एनासिडेनिब (अमेरिकेत २०१७ साली मान्यता) आणि आयव्होसिडेनिब (२०१८) ही औषधं एन्झाइमचं हे बिघडलेलं रूप रोखतात. पेशी मारण्यापेक्षा तिला मोठं होऊ देणं, असा हा उपचार! २०२४ मध्ये याच कुळातलं व्होरासिडेनिब मेंदूच्या काही संथ वाढणाऱ्या गाठींसाठी मंजूर झालं. मात्र जनुकात तो बदल आहे का, हे आधी तपासावं लागतं. नसेल तर या गोळ्यांचा उपयोग नाही.

प्रश्न : कर्कपेशी साखरेवर जगतात म्हणे. आईची साखर, भात, फळं सगळं बंद केलं आहे. बरोबर ना?

नाही. कर्कपेशी ग्लुकोज भरपूर वापरतात, हे ऑटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकातच दाखवलं होतं; पेट (PET) स्कॅनमध्ये, म्हणजे ग्लुकोज कुठे जास्त शोषलं जातं हे दाखवणाऱ्या तपासणीत, गाठ उठून दिसते ती त्यामुळेच. पण खाणं तोडलं तरी यकृत रक्तातलं ग्लुकोज टिकवून धरतं. गाठ उपाशी राहत नाही, आईचं वजन मात्र उतरतं, आणि मग उपचार झेपत नाहीत. मधुमेह असेल तर पथ्य पाळावंच. बाकी पोटभर जेवू द्या.

प्रश्न : वडिलांना मेथोट्रेक्सेट चालू आहे. अशक्तपणासाठी फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिली तर चालेल?

स्वतःच्या मनाने देऊ नका. संधिवातात हेच औषध अगदी कमी मात्रेत देतात, तेव्हा डॉक्टर फॉलिक अ‍ॅसिड मुद्दाम लिहून देतात. कॅन्सरच्या उपचारात तेच फॉलिक अ‍ॅसिड औषधाच्या आड येऊ शकतं, म्हणून मल्टिव्हिटॅमिनची बाटलीसुद्धा डॉक्टरांना दाखवा. काही वेदनाशामकं आणि कोट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक यांनी मेथोट्रेक्सेटची विषबाधा वाढते, तेही विचारून घ्या. आणि मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायला सांगितली असेल, तर वार पाकिटावर ठळक लिहून ठेवा. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावलेली आहेत.