थेंब डोळ्यात पडला की गालावर?

गेल्या खेपेला काचबिंदूवर लिहिलं आणि प्रश्नांची रीघ लागली. बहुतेक प्रश्न थेंबांबद्दलचेच आहेत. त्यातले काही घेतो.

वडील ६४ वर्षांचे. काचबिंदू निघाला, तीन महिने थेंब टाकले, पण नजरेत फरक नाही. ते म्हणतात, ‘दिसते तं जसंच्या तसंच, मंग पैसे काहाले घालवू?’ ऑपरेशन करून मोकळं व्हावं का? (दारव्हा तालुका)

जसंच्या तसं दिसतंय ना? मग औषध बहुधा आपलं काम करतंय. बाबांना हे पटवणं अवघड आहे, मला रोज पटवावं लागतं.

घोटाळा मोतीबिंदूमुळे होतो. त्यात भिंग गढूळ होतं, बदललं की लख्ख दिसतं. काचबिंदूत डोळ्यातल्या पाण्याचा निचरा बिघडतो, दाब वाढतो आणि मागची नस वाळत जाते, पाणी तुंबलेल्या वावरात तूर उभ्याउभ्या वाळावी तशी. वाळलेली नस थेंबाने, लेसरने, ऑपरेशनने, कशानेच परत येत नाही. जे काही करतो ते उरलेली नजर राखायला. ऑपरेशनही दाब उतरवण्यासाठीच असतं. थेंब पुरे पडले नाहीत की त्याचा विचार होतो. काहींना लेसर आधीच करता येतो, तेवढं डॉक्टरांना जरूर विचारा.

नजर बहुधा कडेकडेने जाते. समोरचं स्वच्छ दिसतं, बंडी हाकता येते, पण बाजूने आलेली मोटरसायकल अंगावर येईपर्यंत कळत नाही. थेंब सोडले की दाब पुन्हा चढतो आणि तो चढताना सहसा दुखत नाही. चाळिशी गाठली असेल तर तुम्ही भावंडंही दाब आणि नस तपासून घ्या, हा आजार घराण्यात चालतो.

आईची महिन्याची बाटली बारा दिवसांत संपते. एका वेळी तीन-चार थेंब टाकते, ‘एखांदा तरी जाईन’ म्हणते. (मेहकर)

मी प्रत्येक पेशंटला माझ्यासमोर थेंब टाकायला लावतो. एका आजीने मान वर केली, बाटली हातभर उंच धरली आणि डोळे गच्च मिटून घेतले. थेंब भुवईवरून घरंगळत कानाशी गेला. ‘टाकला नं बापा,’ म्हणाल्या. वर्षभर हेच चाललं होतं, आणि दाब उतरत नाही म्हणून त्यांना दुसरी बाटली वाढवून मिळाली होती!

पापणीच्या खोबणीत एक थेंबसुद्धा पुरता मावत नाही. तीन टाकले तर दोन पदराला. आईंना खाटेवर उताणं निजवा. हात साबणाने धुतलेले हवेत, फवारणीचा किंवा मिरचीचा हात तर मुळीच चालणार नाही. खालची पापणी बोटाने ओढली की खळगा होतो, त्यात एकच थेंब. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. मग डोळा हलकेच मिटून, नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबून धरा. नाहीतर औषध नाकातून घशात उतरतं. घसा कडू लागला तर समजा, ते तिकडे गेलं. हात थरथरत असेल तर मूठ कपाळावर टेकवा. दुसरं औषध असेल तर मधे पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर पहिलं धुऊन निघतं. आणि थेंब चुकलाच तर आणखी एक टाकावा, त्यात काही बिघडत नाही.

थेंब फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलेत. फ्रिज आहे, पण लाईन कुठे असते? (ब्रह्मपुरी)

सगळ्याच थेंबांना फ्रिज लागत नाही. लॅटानोप्रॉस्ट या काचबिंदूच्या औषधाची सीलबंद बाटली साधारणपणे २ ते ८ अंशांत ठेवायची असते. उघडल्यावर ती २५ अंशांपर्यंत सहा आठवडे चालते. पण मे महिन्यात चंद्रपूरकडे २५ अंश पहाटेसुद्धा सापडत नाहीत. त्याच गटातली काही औषधं फ्रिजशिवाय टिकतात, डॉक्टरांकडे ती मागा. साठवणुकीची सूचना खोक्यावर छापलेली असते. तोवर एका वेळी एकच बाटली आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात घालून माठाच्या बुडाशी ओल्या रेतीत ठेवा. फ्रिजची बरोबरी नाही, पण पत्र्याखालच्या फडताळापेक्षा बरं. बर्फाच्या कप्प्यात मात्र नको. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा आणि खोक्यावर छापलेली उघडल्यानंतरची मुदत संपली की टाकून द्या, तळाशी औषध उरलं असलं तरी.

टिमोलॉल सुरू झाल्यापासून धाप लागते. डोळ्याच्या औषधाचा छातीशी काय संबंध? (आर्वी)

थेट संबंध आहे. हा थेंब रक्तात उतरून श्वासनळ्या आवळतो, नाडी मंदावतो. दमा असेल, नाडी मुळातच मंद असेल तर तो चालत नाही. पुढचा थेंब टाकू नका आणि आजच डॉक्टर गाठा. दुसऱ्या गटातलं औषध मिळेल, उपचार अर्धवट सोडायचे नाहीत. छातीचा आजार डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगायचा राहून जातो, अनेकदा आम्हीच विचारत नाही, ही आमची चूक.

दाब २६ आहे, पण नस चांगली आहे म्हणतात. थेंब लागतीलच का? (गोंदिया)

लागतीलच असं नाही. डोळ्याचा सर्वसाधारण दाब १० ते २१ (पाऱ्याचे मिलिमीटर) धरतात. अशाच लोकांवरचा अमेरिकेतला एक मोठा अभ्यास २००२ साली आला. पाच वर्षांत थेंब न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्क्यांना काचबिंदू झाला, घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना. म्हणजे थेंब न घेताही शंभरातले नव्वदांवर लोक सुटले. बुबुळाची जाडी, वय, घरातला इतिहास पाहून ठरवतात. थेंब नाही दिले तरी तपासणी सुटायला नको.

मुलाचे डोळे उन्हाळ्यात खाजतात. मेडिकलवाला एक थेंब देतो, लगेच आराम पडतो. दोन वर्षं तोच वापरतो. (पुसद)

त्यात बहुधा स्टिरॉइड असणार. याने काही मुलांचा दाब गुपचूप चढतो आणि काचबिंदू होतो. बाटली आणि खोकं दोन्ही घेऊन या आठवड्यातच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, आणि दाब मोजायला त्यांना स्वतःहून सांगा.