पत्र्याच्या शेडमध्ये मायक्रोमीटर, स्लिप गेज कशात ठेवावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या शेडमध्ये छोटी टूलरूम, म्हणजे मोजमापाची आणि कापायची हत्यारं ठेवायची खोली. मायक्रोमीटर, व्हर्नियर, बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचा), ८७ पीसचा स्लिप गेज सेट (एकमेकांना चिकटवून अचूक माप बनवायचे ठोकळे), शिवाय रीमर आणि टॅप (भोक नेमक्या मापाला आणायचं आणि आटे पाडायचं हत्यार). मागच्या पावसाळ्यात तेल लावून ठेवलेल्या वस्तूंनाही डाग पडले. आता सुताराकडून लाकडी पेटी करून घ्यावी की लोखंडी ड्रॉवरचं कपाट घ्यावं?

कपाट घ्या. पण कपाटाने गंज थांबेल म्हणून घेत असाल तर पैसे वाया जातील. कपाट धुळीपासून, धक्क्यापासून आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातापासून वाचवतं. सादळलेला पापड कितीही चांगल्या डब्यात ठेवला तरी तो कुरकुरीत होत नाही, तसंच हे. वस्तू आत जाताना स्वच्छ आणि कोरडी हवी आणि आतली हवा कोरडी राहायला हवी. म्हणून आधी ओल कुठून येते ते बघू, पेटीचं नंतर.

हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या स्टीलवर गंजाचा वेग एकदम वाढतो. ५० च्या खाली तो जवळपास थांबतो. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ती २०-२५ टक्क्यांवर येते आणि ऑगस्टात सकाळी ८५ च्या आसपास असते. एवढ्यावरून सगळे पावसाला दोष देतात. खरा घात मात्र धातू हवेपेक्षा थंड असतो तेव्हा होतो. हवा २६ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते, २२ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे २२ पेक्षा थंड असलेल्या प्रत्येक लोखंडाला घाम फुटणार, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला फुटतो तसा. फरक इतकाच की इथे थेंब ओघळत नाहीत. फेसवर, म्हणजे मोजमापाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर, श्वास सोडल्यासारखा धूसर थर येतो आणि कुणी बघायच्या आत उडून जातो. डाग दुसऱ्या दिवशी दिसतो.

पत्रा रात्री झपाट्याने निवतो. आतले व्ही-ब्लॉक, अँगल प्लेट (जॉब टेकवायचे जड ठोकळे) असा जाड माल सकाळपर्यंत थंडगार झालेला असतो. नऊ वाजता शटर वर गेलं, बाहेरची उबदार दमट हवा आत शिरली, की हाच माल आधी ओला होतो. फट मोजायच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फीलर गेज, चटकन हवेच्या तापमानाला येतात, त्यामुळे ते बरेचदा वाचतात. तुमच्याकडेही जाड वस्तूंवर आधी डाग दिसले असतील तर कारण हेच समजा.

एसीची खोली असेल तर उलटी तऱ्हा. २० अंशांची गेज जुलैत थेट शॉपवर, म्हणजे मशीन चालतात तिथे, नेली की ती दारातच घामेजते. ती झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत बंद करून न्या आणि पिशवीतच अर्धा-पाऊण तास राहू द्या. जाड वस्तूला जास्त वेळ द्या. घाम पिशवीला बाहेरून फुटेल, गेज कोरडी राहील.

आता कूलर. उन्हाळ्यात गंजाची काळजी नाही असं म्हणणाऱ्या शॉपमध्ये हमखास मोठा डेझर्ट कूलर लावलेला असतो आणि त्यात बोअरचं खारं पाणी. कूलर खोलीतली आर्द्रता सहज ६० च्या वर नेतो आणि पॅडवरून उडणारे बारीक तुषार क्षारही घेऊन येतात. क्षार धातूवर बसला की तो हवेतली ओल ओढून धरतो, मग ५० टक्क्यांचा हिशोबही कामाचा राहत नाही. कूलरचा झोत टूलरूमच्या दारावर किंवा कपाटावर येता कामा नये. हेच बोअरचं पाणी मशीनवर कापताना सोडायच्या कूलंटच्या टाकीतही जातं, तिथे आणखी एक गोष्ट घडते: मे महिन्यात पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आपण वरून पुन्हा तेच पाणी ओततो. दर आठवड्याला क्षार वाढतच जातात. टॉप-अपला आरओचं पाणी वापरा आणि कूलंटचं पाण्यातलं प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबावरून प्रमाण दाखवणारं छोटं उपकरण) बघा. रीडिंगला कंपनीने दिलेल्या फॅक्टरने गुणायला विसरू नका.

तेल लावूनही डाग का पडले, त्याचं उत्तर बहुधा इथेच आहे. घामाचे किंवा कूलंटचे क्षार न पुसता वरून तेल लावलं की क्षार तेलाखाली झाकले जातात आणि काम चालू ठेवतात. डाग बोटाच्या ठशाच्या आकाराचा असेल तर शंकाच नको. शिवाय स्पिंडल ऑइल किंवा हायड्रॉलिक ऑइल हे गंजरोधक तेल नव्हे. पातळ तेल निथळून जातं आणि ओल त्यातून आरपार जाते. त्यासाठी आरपी ऑइल, म्हणजे रस्ट प्रिव्हेंटिव्ह, वेगळं मिळतं. घरातल्या साठवणीचं, पातळ थराचं मागा. घरगुती तेलं तर अजिबात नकोत. खोबरेल खवट होऊन आम्ल सोडतं. करडईचं तेल आपल्याकडे घरोघरी आहे, पण ते हवेत सुकून वॉर्निशसारखं चिकटतं. व्हर्नियरच्या पट्टीवर एकदा बसलं की स्लाइड जाम झालीच म्हणा.

पद्धत अशी: आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा व्हाइट पेट्रोलने (साफसफाईचं सॉल्व्हंट, गाडीचं पेट्रोल नव्हे) पुसा, उडून जाऊ द्या, मग तंतू न सोडणाऱ्या कापडाला आरपी ऑइल लावून ते कापड फिरवा. वस्तूवर तेल ओतायचं नाही. त्यानंतर उघड्या बोटांनी धरायचं नाही, पातळ नायट्राइलचे हातमोजे पुरतात. कपाटातल्या मालावर दोन-तीन महिन्यांनी थर पुन्हा द्या, रोज वापरातल्या वस्तूंना रोज संध्याकाळी. डायल गेजच्या प्लंजरला तेल लावू नका. त्यात धूळ चिकटून काटा अडखळतो. पाणी हटवणारे स्प्रे भिजलेली वस्तू सावरायला उत्तम, पण चार महिन्यांच्या साठवणीला त्यांच्यावर विसंबू नका.

आता कपाट. २० गेजचा, म्हणजे साधारण ०.९ मिमीचा सीआरसीए (थंड लाटून मऊ केलेला) पत्रा, पावडर कोटिंग आतल्या कोपऱ्यांपर्यंत पोचलेलं. ड्रॉवर पूर्ण बाहेर येणाऱ्या टेलिस्कोपिक चॅनलवर, प्रत्येकी ३५-४५ किलो पेलणारे. मायक्रोमीटर-व्हर्नियरला ५० ते ७५ मिमी उंचीचे ड्रॉवर पुरतात. खोल ड्रॉवर घेतला की वस्तूंवर वस्तू पडतात आणि तिथेच अर्धी अचूकता जाते. बोअर गेज, व्ही-ब्लॉकला १०० ते १५०. जड माल खाली. एका वेळी एकच ड्रॉवर उघडेल असं इंटरलॉक मागून घ्या, नाहीतर भरलेलं कपाट पुढे झुकतं. पाय किमान १०० मिमी आणि भिंतीपासून तेवढंच अंतर, कारण पत्र्याची भिंत रात्री सगळ्यात आधी थंड होते. प्लेटिंग, ॲसिडची कॅन, बॅटरी चार्जिंग यांच्या खोलीत तर कपाट नकोच.

लाकडाबद्दल: नवं लाकूड, प्लाय, एमडीएफ यांतून ॲसेटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ सुटत राहते आणि बंद पेटीत साठते. बाभळीच्या लाकडात टॅनिन भरपूर असतं. ओलसर लोखंड टेकलं की निळा-काळा डाग. सुताराची पेटी दिसते छान, पण या कामाला नको. स्लिप गेजबरोबर आलेली कंपनीची पेटी चालते. कपाटाच्या फटी सिलिकॉनने बुजवणार असाल तर व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारा घेऊ नका, न्यूट्रल घ्या. कारण तेच, ॲसेटिक आम्ल.

ड्रॉवरमध्ये मखमल, फेल्ट किंवा साधा स्पंज घालू नका. फोम घेण्याआधी तुकडा पाण्यात बुडवून पिळा. पाणी निघालं तर तो फोम ओल धरणारा आहे, परत करा. बंद छिद्रांचा ईव्हीए किंवा पॉलिथिलीन फोम पिळल्यावर कोरडाच राहतो.

आतली हवा कोरडी ठेवायचे दोन मार्ग आहेत, त्यांची खिचडी करू नका. एक, हवाबंद डबा आणि सिलिका जेल. १०० लिटर जागेत ३० अंश, ८० टक्क्यांच्या हवेत पाणी असतं जेमतेम अडीच ग्रॅम. पाव किलो सिलिका ४०-५० ग्रॅम पाणी सहज पिते. तरी ती पंधरवड्यात भरते, कारण दर वेळी दार उघडलं की नवे अडीच ग्रॅम आत येतात आणि फटींतून येतात ते वेगळेच. म्हणून सिलिका क्वचित लागणाऱ्या मालाला: स्लिप गेज, मास्टर रिंग (बोअर गेज जुळवायची प्रमाण कडी). पेटीसकट गास्केटच्या डब्यात घाला, सोबत १०० ग्रॅम सिलिका. रंग बदलला की १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा. निळी सिलिका कोबाल्ट क्लोराइडची असते, ती घरच्या ओव्हनमध्ये नको, नारंगी घ्या.

दुसरा मार्ग हीटर, आणि रोज उघडझाप होणाऱ्या कपाटाला तोच बरा. इलेक्ट्रिकल पॅनलमध्ये बसवतात तो ४०-६० वॅटचा स्पेस हीटर कपाटाच्या तळाशी, वर-खाली थोडी जाळी उघडी. २५ अंशांची ८५ टक्के आर्द्रता असलेली हवा ३२ अंशांना नेली की त्याच हवेची आर्द्रता ५७ टक्क्यांच्या आसपास येते. पाणी काढलेलं नाही, तरी गंजाला ते मिळत नाही. थर्मोस्टॅट आणि अर्थिंग हवंच. तेलकट चिंध्या त्या ड्रॉवरच्या आसपास दिसता कामा नयेत. मोजायच्या आधी गेज आणि जॉब (मोजायची वस्तू) एकाच सरफेस प्लेटवर, म्हणजे मोजमापाच्या सपाट पाटावर, तासभर शेजारी ठेवा: १०० मिमी स्टील १० अंशांच्या फरकाने साडेअकरा मायक्रॉन बदलतं.

आत एक डिजिटल हायग्रोमीटर टाका, पण तो तपासून. झाकणभर मिठात थोडं पाणी घालून चिखलासारखं करा, हायग्रोमीटरसोबत बंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवायला हवा. ६८ दाखवत असेल तर त्या पट्ट्यात ७ मिळवून वाचा.

रीमर, टॅप, ड्रिलला एवढे लाड नकोत. आरपी ऑइल, प्लॅस्टिकची नळी, व्हीसीआय कागद (गंजरोधक वाफ सोडणारा). व्हीसीआय बंद जागेतच काम करतो, उघड्या रॅकवर तो नुसता कागद. त्याच डब्यात सिलिका नको, ती त्याची वाफही शोषू शकते.

दसऱ्याचं सांगायचं राहिलं. खंडेनवमीला ओल्या बोटाने मायक्रोमीटरला हळद-कुंकू, वर ताजा झेंडू आणि फोडलेल्या नारळाच्या पाण्याचे शिंतोडे. त्या पाण्यात क्षार आणि साखर दोन्ही असतात, आणि पुढे सुट्टी, म्हणजे पुसायला कुणी नाही. पूजा कपाटाची करा, बोटं दारावर उमटवा. देवाला चालतं.

आत्ता पडलेल्या डागांसाठी: मोजमापाच्या फेसवर पॉलिश पेपर कधीच नाही. रॉकेलमध्ये कापड भिजवून तासभर ठेवा, मऊ लाकडाच्या काडीने घासा. निघालं तेवढं निघालं. नखाला खड्डा लागत असेल तर ती वस्तू कॅलिब्रेशनला पाठवा आणि रिपोर्ट येईपर्यंत वेगळी ठेवा. मायक्रोमीटर ठेवताना ॲन्व्हिल आणि स्पिंडलमध्ये (मोजायची वस्तू धरणारी दोन टोकं) मिलिमीटरभर फट सोडा, लॉक सैल. स्लिप गेज संध्याकाळी नक्की सुटे करा. जोडलेले रात्रभर राहिले तर इतके धरून बसतात की सुटताना फेस खरवडतो. तसे अडकलेच तर ओढू नका, थोडं व्हाइट पेट्रोल सोडून बाजूला सरकवत सोडवा, पुसा आणि पेट्रोलियम जेलीचा पातळ हात देऊन पेटीत ठेवा.