लोगोचा रंग कुठला ठेवू?

प्रश्न: ताई, मी घरी साबण बनवते आणि आता विकायला काढतेय. लोगो करून देणारा म्हणतो निळा घ्या, निळ्याने विश्वास वाटतो. नवरा म्हणतो लाल, लांबून नजरेत भरतो. नेटवर तर चार्टच आहेत, लाल म्हणजे भूक, हिरवा म्हणजे निसर्ग वगैरे. खरं काय मानू?

उत्तर: ते चार्ट आधी बाजूला ठेवा. लाल रंग कोका-कोलाचा आहे, रेड क्रॉसचा आहे आणि थांबायच्या सिग्नलचाही आहे, मग त्याचा एकच अर्थ कसा लावणार? आणि निळ्याचं म्हणाल तर फेसबुक निळं आहे कारण झकरबर्गला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही आणि निळा सगळ्यात छान दिसतो, हे त्यानेच सांगितलंय.

याचा अर्थ रंगाने काहीच होत नाही असं नाही हं. २०११ मध्ये कोका-कोलाने ध्रुवीय अस्वलांच्या मदतीसाठी अमेरिकेत पांढरे कॅन काढले, तर लोकांना ते डाएट कोकच (बिनसाखरेचा, चंदेरी कॅनमधला) वाटले आणि काहीजण तर म्हणाले की चवच बदललीय, आत पेय तेच होतं तरी, शेवटी लाल कॅन परत आणावे लागले. मला यातून दिसतं ते हे की लाल म्हणजे कोक हे लोकांच्या डोक्यात वर्षानुवर्षं तोच रंग बघून बसलेलं आहे, लाल रंगात मुळात कोक कुठे होता?

म्हणून तुमच्यासारखेच साबण विकणाऱ्या दहा जणांचे लोगो एका पानावर शेजारी शेजारी चिकटवा आणि जरा लांबून बघा. बहुतेक सगळे हिरवे आणि त्यावर एक पान, असंच निघेल. त्यात तुम्ही पण हिरवा घेतलात तर हरवलातच. जो रंग तिथे कुणाचाच नाही आणि तुमच्या साबणाला शोभतो तो घ्या, आणि मग दरवर्षी बदलू नका प्लीज! टिफनी या अमेरिकन दागिन्यांच्या कंपनीची फिकट निळी पेटी लोक नाव न वाचता ओळखतात, रंगांना ठरावीक नंबर देणाऱ्या पँटोन कंपनीने त्या रंगाला नंबरही १८३७ दिलाय, टिफनी सुरू झाली ते साल.

अजून एक, लोगो आधी नुसत्या काळ्या-पांढऱ्यात बघा. तिथे ओळखू येत नसेल तर रंग त्याला वाचवणार नाही. आणि हिरव्यावर लाल अक्षरं नकोतच, लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्या माणसाला ती वाचणं अवघड जातं.

प्रश्न: स्क्रीनवर मस्त निळा दिसणारा लोगो लेबलवर जांभळट आला. प्रेसवाल्याची चूक का?

उत्तर: बहुतेक नाही. स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते आणि छपाईत निळा होतो सायन (आकाशी निळ्या) आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) शाईच्या मिश्रणातून, त्यात मॅजेंटा सायनच्या जवळपास गेला की जांभळं झालंच. मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवायला सांगा, किंवा थेट पँटोनचा नंबर द्या, थोडं महाग पडतं पण रंग तोच येतो. आणि प्रूफ, म्हणजे आधी छापून दाखवायचा नमुना, लेबलं छापायची त्याच कागदावर मागा. मी एकदा गुळगुळीत कागदावरचं प्रूफ बघून ओके दिलं आणि माल छापला खरखरीत कागदावर, शाई आत शोषली गेली आणि केशरी रंग पार विटकरी होऊन आला, सगळी लेबलं परत छापावी लागली.