बातमीवरून पाच कोटींच्या अब्रूनुकसानीची नोटीस आली आहे. बातमी काढून टाकू का?

वाळू उपशाची तुमची बातमी खरी असेल, तर काढू नका. नोटिशीत पाच कोटी लिहायला काही पडत नाही. दावा लावायचा तर कोर्ट फी भरावी लागते, म्हणून बऱ्याच नोटिशी तिथेच थांबतात.

मी पंधरा वर्षं तालुक्याला बातमीदारी केली. एका कारखान्याने माझ्यावर शेजारच्या जिल्ह्यातल्या कोर्टात फौजदारी फिर्याद केली होती. पहाटेची एसटी, पुकारा होईपर्यंत व्हरांड्यात उभं राहायचं आणि दुपारी कळायचं की पुढची तारीख. अशा सतरा तारखा झाल्या. त्यांना निकाल नकोच होता, माझा धीर संपवायचा होता. दिल्लीच्या 'कॅरव्हान' मासिकावर आयआयपीएम या व्यवस्थापन शिक्षणाच्या संस्थेने एका लेखावरून २०११ मध्ये ५० कोटींचा दावा लावला, तोही थेट आसामात, सिल्चरला. त्या लेखावरची मनाई दिल्ली उच्च न्यायालयात उठेपर्यंत २०१८ उजाडलं. पण मासिकाने माघार घेतली नाही.

मला तारलं ते एका खाकी फाइलीने. माहिती अधिकारातली शिक्क्याची उत्तरं तिच्यात होतीच, पण वकिलांना सगळ्यात आवडला तो बातमीच्या दोन दिवस आधी मी कारखान्याच्या अध्यक्षांना पाठवलेला व्हॉट्सअॅप मेसेज. सात प्रश्न, खाली दोन निळ्या टिका, उत्तर नाही. फौजदारी बदनामीत नुसतं खरं असून भागत नाही, लोकांच्या भल्यासाठी छापलं हेही दाखवावं लागतं. तुमचे असे मेसेज असतील तर तो फोन विकू नका, फॉरमॅटही करू नका.

नोटिशीला उत्तर वकिलामार्फतच द्या, थोडक्यात. रागाच्या भरात फेसबुकवर लिहिलेलं पुढे तुमच्याच विरुद्ध वाचून दाखवतात. दावा लागलाच तर कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, तीस दिवसांत, फार तर नव्वद दिवसांत द्यायची असते, ती चुकवू नका. बातमीवर एकतर्फी मनाई मागतील अशी शंका असेल तर आधीच कॅव्हेट, म्हणजे 'आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका' असा अर्ज, कोर्टात टाकून ठेवा. ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये बजावलंय की पूर्ण सुनावणीआधी लेखावर अशी बंदी अपवादानेच घालावी. तो निकाल वकिलांना दाखवा. फिर्याद लांबच्या कोर्टात असेल तर दर तारखेला जातीने हजर राहण्यातून सूट मागता येते. हे मला फार उशिरा कळलं.

मात्र चूक खरोखर झाली असेल तर त्याच दिवशी ठळक दुरुस्ती छापा. टाइम्स नाऊ वाहिनीने २००८ मध्ये घोटाळ्याच्या बातमीत दुसऱ्या न्यायाधीशांऐवजी न्या. पी. बी. सावंत यांचा फोटो चुकून काही सेकंद दाखवला, आणि २०११ मध्ये पुण्याच्या कोर्टाने १०० कोटींची भरपाई ठरवली.

वकिलाचा खर्च मालक देणार का, हे त्यांच्याकडून आजच लेखी घ्या. तालुक्यातल्या इतर बातमीदारांनाही नोटीस दाखवा. माझी बातमी आणखी दोन पेपरांनी स्वतः तपासून छापली, तेव्हा कारखान्याचा जोर ओसरला. सतराव्या तारखेला फिर्यादीच आले नाहीत आणि मी सुटलो.

नोटिशीचं पाकीट फेकू नका, त्यावरचा पोस्टाचा शिक्का लागेल.